स्वयंपाकाची सोय नसलेलं हॉटेल

आमच्या जिल्ह्यात माणूस प्रवासाला निघतो म्हणजे त्याचं स्वयंपाकघर प्रवासाला निघतं. माणूस नुसता सोबत जातो. गाडीत मागे शेगडी, शेजारी गोधडीत गुंडाळलेला लहान सिलिंडर, ज्वारीच्या पिठाचा डबा, तिखटमिठाच्या पुड्या, कांद्याची पिशवी, आणि एवढं सगळं बसल्यावर जी जागा उरेल तिथे बायका. हा सरंजाम घेऊन लोक तिरुपतीला जातात, रामेश्वरला जातात आणि परत आल्यावर छाती काढून सांगतात की, बाहेरचा एक घास तोंडात घातला नाही. देव कसा होता हे कोणी विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत.

माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, असा निम्मा भारत पाहिला आहे. रामेश्वरचं नाव काढलं की ती म्हणते, "पाणी खारं. डाळ शिजत न्हाई." तिरुपती तिच्या लक्षात आहे ती वाऱ्यामुळे, कारण शेगडी सारखी विझायची. एका लेण्यांच्या गावी तिने लेणी पाहिली नाहीत. लेणी बघायला गेलेली माणसं परत यायच्या आत भाकरी व्हायला हव्या होत्या, आणि माणसं भूक लागल्यामुळे लेणी अर्धी टाकून लवकरच परत आली. मी प्रवासवर्णनं पुष्कळ वाचली आहेत. शेगडीच्या बाजूने लिहिलेलं एकही अजून माझ्या हाती आलेलं नाही.

अक्का बोरीला असते. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे दाजींचं, तिथे बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे, बागायती जमीन आहे आणि या दोन्हींपेक्षा मोठं असं स्वतःबद्दलचं मत आहे. दाजी खुर्चीवर बसत नाहीत, खुर्चीचा ताबा घेतात. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून ते युरियाच्या पोत्यांमध्ये असे उभे राहतात, की पोत्यांनी उठून उभं राहावं असं वाटतं.

आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याचा मान हा एक स्वतंत्र विषय आहे. दाजी चुकत नसतात. चुकलेच तर तसं म्हणायचं नसतं, आणि अगदीच म्हणायचं झालं तर दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेऊन म्हणायचं असतं. बायकोच्या भावाने 'हो' म्हणण्याचे काही प्रकार शिकून घ्यावेत आणि आपली सगळी मतं त्यात बसवावीत, अशी रीत आहे. मी परभणीला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो. 'हो दाजी' या दोन शब्दांत मी आजवर जेवढं भरून ठेवलं आहे, तेवढं आमच्या ग्रंथालयातल्या काही जाडजूड ग्रंथांतही नाही.

तर दिवाळीच्या सुट्टीत दाजींनी सहल ठरवली. भाचीला थीम पार्क बघायचं होतं. ती हे दोन वर्षांपासून म्हणत होती आणि दाजी दोन वर्षांपासून ऐकत नव्हते. पण जिंतूरचे एक कापसाचे व्यापारी सहकुटुंब तिथे जाऊन आले आणि त्यांचे पाळण्यात उलटे झालेले फोटो सगळ्या तालुक्याच्या मोबाइलवर फिरले. मग दाजींना लेकीचं मन मोडवेना.

त्यांचा मला फोन आला. "पाव्हणे, एक हॉटेल बघा. पार्काच्या जवळ. तुमाला त्या मोबाइलमधलं लय कळतं म्हणं."

"हो दाजी. कसं बघू?"

"मध्यम भावाचं."

मध्यम भाव म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. गावात सांगताना महाग वाटला पाहिजे आणि देताना स्वस्त, तो मध्यम भाव.

"पण शोभलं पाहिजे," दाजी पुढे म्हणाले. "आन सयपाकाची सोय पाहिजे. मला बाहेरचं चालत न्हाई, तुमाला माहीतच हाय."

मला माहीत होतं. परभणीला आले की माझ्या घरी येण्याआधी दाजी बसस्टँडसमोर भजी खाऊन येतात, तीही एक प्लेट नव्हे, हेदेखील माहीत होतं. पण ती भजी उभ्याने खाल्लेली असतात, त्यामुळे ती बाहेरच्यात धरत नाहीत.

त्याच दुपारी, दाजी दुकानात गेल्यावर, अक्काचा फोन आला.

"तुला हॉटेल बघायला सांगितलंय म्हणं?"

"हो."

"कसलं बघायलास?"

"पार्काजवळचं. मध्यम भावाचं, सयपाकाची सोय..."

"सोय नसलेलं बघ," ती म्हणाली.

पलीकडे ती कांदा चिरत असावी, विळीचा आवाज येत होता.

"मला त्ये पाळणे-बिळणे काय नकोत. पार्कात बी न्हाई आले तरी चालंल. गाडीत बसल्यापासून घरी येईस्तोवर मला पिठात हात घालायचा न्हाई. लग्न झाल्यापासून एकदा बी असं झालं न्हाई. एवढं एक कर."

"आणि दाजी?"

"त्यांना तू सांग. तू शिकलेला हायस."

अक्काने माझ्याकडे आजवर काही मागितलेलं नव्हतं. मागितलं ते हे, आणि तेही दाजींच्या पोटाच्या आड येणारं.

हैदराबादच्या बाजूला अशी दोन-तीन पार्कं आहेत. त्यातल्या कोणत्या पार्कात आम्ही गेलो ते सांगत नाही, कारण पार्काची काही चूक नव्हती. थीम पार्क ही माणसाला उलटं टांगून त्याच्याकडून पैसे घेण्याची जागा आहे आणि ते आपलं काम चोख करतं. मी ज्याच्याशी झुंजत होतो ते पार्काभोवतीचं हॉटेलांचं रान होतं. तिथे साधं हॉटेल नावाची वस्तूच नाही. जे आहे ते सगळं पॅलेस आहे, ग्रँड आहे, रॉयल आहे. हैदराबाद एकेकाळी आमची राजधानी होती आणि तिथल्या खऱ्या राजवाड्यांबद्दल आमच्या आजोबांच्या पिढीचं मत फारसं बरं नव्हतं. ते राज्य घालवायला त्यांच्यातले काही जण तुरुंगात जाऊन आले. आता त्यांची नातवंडं त्याच शहरात पॅलेस शोधत होती, मध्यम भावात.

सगळ्या पॅलेसांचे फोटो एकाच माणसाने काढल्यासारखे होते. खोलीच्या कोपऱ्यात, बहुधा छताला चिकटून, उभं राहून काढलेले. त्यामुळे दहा बाय दहाची खोली क्रिकेटच्या मैदानासारखी दिसायची. पलंगावर टॉवेलचे दोन हंस माना जुळवून बसलेले. हंसांशिवाय खोली भाड्याने देता येत नाही असा काहीतरी कायदा झाला असावा. खाली राहून गेलेल्या लोकांचे अभिप्राय. एकाने लिहिलं होतं, 'खोली छान, फक्त पाणी नव्हतं.' दुसऱ्याने लिहिलं होतं, 'कर्मचारी अत्यंत नम्र आहेत, बोलावल्यावर येत नाहीत एवढंच.' तिसऱ्याला सगळं आवडलं होतं, पण त्याच्या भाषेवरून तो हॉटेलमालकाचा पुतण्या वाटत होता.

स्वयंपाकाची सोय असलेल्या जागाही होत्या. तिथल्या फोटोंत काळाभोर चकचकीत ओटा आणि त्यावर परडीत सफरचंदं. त्या ओट्यामागे कोणी उभं नव्हतं. छायाचित्रकाराला वाटत असावं की एवढा सुंदर ओटा असला की अन्न आपोआप होतं. मला तिथे सफरचंदं दिसेनात, अक्का दिसायला लागली.

दोन जागा मी निवडल्या: एक ओट्याची आणि एक बिनओट्याची. मोबाइल घेऊन बोरीला गेलो.

दाजींच्या दुकानाच्या मागेच घर आहे. दुकान आणि घर यांच्या मधल्या ओसरीवर बैठक बसली. दाजी होते, भाची होती, आणि दाजींचे रोजचे मित्र, एक निवृत्त तलाठी, होते. तलाठ्यांचा या सहलीशी काही संबंध नव्हता. पण आमच्याकडे ज्याचा संबंध नसतो त्याचं मत आधी घेतात, कारण तो निःपक्षपाती असतो.

मी आधी ओट्याची जागा दाखवली आणि तिची स्तुती केली. दाजींना एखादी गोष्ट नकोशी करायची असेल तर तिची निंदा करून चालत नाही.

"ही चांगली आहे दाजी. ओटा आहे, भांडी आहेत. ट्रॅव्हल्सच्या बसने येणारे लोक सगळे इथंच उतरतात."

"कोण लोक?"

"सहलीवाले. एका खोलीत आठ-दहा जण राहतात. डबे, पिशव्या घेऊन येतात, स्वतःचं स्वतः करून खातात. गॅलरीत धोतरं वाळत घातलेली असतात. घरच्यासारखं वातावरण आहे."

"म्हंजे धर्मशाळाच की," तलाठी म्हणाले.

"असं नाही म्हणता येणार," मी म्हणालो, आणि पुढे काही म्हणालो नाही.

दाजींनी मोबाइल दूर धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला. "आन ह्ये दुसरं?"

"हे जरा वेगळं आहे. आपल्याला जमेल की नाही कुणास ठाऊक. खोलीत स्वयंपाक करू देत नाहीत."

"काहून?"

"तिथं मोठी माणसं उतरतात. त्यांना फोडणीचा वास चालत नाही."

तलाठ्यांनी सुपारी कातरणं थांबवलं. "जिंतूरचे त्ये कापूसवाले कुठं उतरले होते?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मी त्यांना पढवलेला नव्हता. मी फक्त म्हणालो, "मला काय माहीत. पण त्यांच्या फोटोत ओटा कुठं दिसला नाही."

"पप्पा, हेच करा की," भाची म्हणाली. "हितं पोहायचा तलाव बी हाय."

"तलावाचं काय करायचं, आपल्या शेतात विहीर हाय," दाजी म्हणाले. पण त्यांची नजर फोटोवरून हटत नव्हती. बोटाने त्यांनी चित्रं पुढे सरकवली. स्वागतकक्ष, सोफा, हंस. मग ते एका चित्रावर थांबले. "ही गॅलरी हाय का खोलीला?"

गॅलरी होती. तिच्यात दोन वेताच्या खुर्च्या, मधे छोटं टेबल, टेबलावर एक कप, आणि पलीकडे मावळता सूर्य, जो बहुधा हॉटेलच्या भाड्यातच धरलेला होता. दाजी त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना कशाकडे असं नुसतं बघत बसलेलं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, या माणसाच्या आत कुठेतरी निवांतपणाची एक बारीकशी ओढ शिल्लक आहे आणि आपण उगाच त्याला इतकी वर्षं पोतं समजत आलो.

"ही गॅलरीवाली खोली आमाला," ते म्हणाले. "तुमाला अन् पोरीला दुसऱ्या घ्या, साध्या. दाखवा म्हणावं मोठ्या माणसांना."

अक्का चहा घेऊन आली. पहिला कप तिने माझ्यापुढे धरला. त्या घरात पहिला कप दाजींचा असतो. दाजी अजून गॅलरीत होते, त्यांच्या लक्षात आलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मी बोरीला पोचलो. पार्काच्या खिडकीवरचं इंग्रजी वाचायला आणि भाचीसोबत पाळण्यात बसायला माझी नेमणूक झाली होती. ड्रायव्हर दाजींच्या पांढऱ्या गाडीची काच पुसत होता. मागे बॅग ठेवायला गेलो तर ती कशावर तरी टणकन आपटली. गोधडी होती. गोधडीचा कोपरा उचलला, तर आत सिलिंडर. त्याच्या मागे शेगडी, पिठाचा डबा, कांदे.

"दाजी, तिथं करू देत नाहीत. मी सांगितलं होतं."

"म्हणून तर गॅलरी घेतली," दाजी म्हणाले. "मोकळ्या हवेत कोण बघायलंय? वास बी राहत न्हाई. मोठी माणसं आत झोपलेली ऱ्हातेत."

निरोप द्यायला आलेल्या तलाठ्यांनी मान डोलावली. "डोकं हाय," ते म्हणाले. "ह्येला म्हणतेत डोकं."

म्हणजे ओसरीवर मावळत्या सूर्याकडे बघताना दाजी सिलिंडर कुठे ठेवायचा याचा विचार करत होते. निवांतपणाची ओढ वगैरे सगळं माझ्या वाचनातून आलं होतं.

अक्का नवं लुगडं नेसून आली. तिने गोधडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुला एवढं शिकवून काय फायदा झाला रे," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

हॉटेलच्या स्वागतकक्षात भिंतीवर चार घड्याळं होती, लंडनचं, न्यूयॉर्कचं, टोकियोचं आणि भारताचं. त्यातलं भारताचं बंद होतं. दाजींनी सोफ्याचा ताबा घेतला आणि मी कागद भरायला उभा राहिलो. गणवेशातला माणूस सामान उचलायला आला. त्याने गोधडीचं गाठोडं धरलं आणि तो तिथेच वाकला.

"साब, इसमें क्या है?"

दाजींनी सोफ्यावरून न उठता सांगितलं, "पोथी है."

त्या माणसाने गाठोड्याला कपाळ टेकवलं आणि दोन्ही हातांनी सांभाळून वर नेलं. आमच्या देशात धर्मग्रंथाचं वजन कितीही असलं तरी कुणाला शंका येत नाही.

खोली फोटोपेक्षा लहान होती, पण हंस तेवढेच होते. दाजी थेट गॅलरीकडे गेले आणि दार उघडून उभे राहिले. गॅलरीत वेताच्या खुर्च्या नव्हत्या. टेबल नव्हतं, सूर्यही नव्हता. तिथे एसीचं मोठं यंत्र बसवलेलं होतं आणि ते घोंघावत गरम वारं बाहेर फेकत होतं. उरलेल्या जागेत एक माणूस उभा राहिला असता, तोही आडवा. दाजींनी तरी काडी ओढून पाहिली. विझली. दुसरी विझली. मग ते आत आले, खोलीभर नजर फिरवली आणि त्यांची नजर स्थिरावली.

"बाथरूम लय मोठं हाय," ते म्हणाले.

हे अतिशयोक्त नव्हतं. बाथरूम खरोखर चांगलं होतं, पांढऱ्या फरशीचं. दाजींनी स्वतःच्या हाताने शेगडी नेऊन बेसिनच्या खाली ठेवली. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी शेगडी उचललेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. "हितं बस," ते अक्काला म्हणाले. "दार लावून घे, म्हंजे वास बाहेर येत न्हाई. चार भाकरी अन् पिठलं टाक. जास्तीचं काय करू नको, तू बी थकलीस."

अक्का बाथरूमच्या दारात गेली. बेसिन, आरसा, त्याखाली शेगडी, शेगडीच्या डावीकडे कमोड. तिने सगळं व्यवस्थित पाहून घेतलं.

"न्हाई," ती म्हणाली.

तिचा आवाज वाढलेला नव्हता. दाजींना ऐकू आलं नसावं, किंवा ऐकू आलेला शब्द ओळखीचा वाटला नसावा. "काय?" त्यांनी विचारलं.

अक्का पलंगाकडे आली, दोन्ही हंस उचलले, उलगडले आणि त्यांचे पुन्हा टॉवेल करून खुर्चीवर ठेवले. मग पलंगावर पाय वर घेऊन बसली आणि उशाशी असलेला फोन उचलला.

"हौ भाई, खाना भेजो ऊपर," ती म्हणाली. "चार थाली होना. रोट्यां गरम होना, ठंडी लाए तो वापस. नक्को नक्को, मीठा नक्को. कित्ता टाइम लगींगा?"

बोरीत शेजारणींशी आणि बांगडीवालीशी बोलून बोलून अक्काची दखनी पक्की झालेली आहे. दाजींची हिंदी भाषणांतली. ती बोलायला त्यांना समोर माइक लागतो. पलीकडच्या माणसाला अक्काचं सगळं कळलं, कारण तो लगेच काहीतरी अदबीने बोलला आणि ती "हौ" म्हणाली.

थाळ्या आल्या. मी, भाची, अक्का खाली चादर अंथरून बसलो. दाजी खुर्चीवर, आमच्याकडे पाठ करून, बंद टीव्हीकडे तोंड करून बसले.

"मला चालत न्हाई बाहेरचं," ते टीव्हीला म्हणाले.

एवढंच म्हणाले, पण तेवढ्याने काम भागणार होतं. अक्का नवऱ्याच्या आधी कधी जेवलेली नाही. दाजी बाजाराला गेले, कोर्टात अडकले, कुणाच्या लग्नात रमले तरी ती थांबलेली मी पाहिली आहे. दाजी जेवणार नसतील तर तीही जेवणार नाही, आणि ती जेवणार नसेल तर कोणी ना कोणी उठून शेगडी पेटवणार, आणि ते कोणी म्हणजे ती. हा हिशेब त्या खोलीत सगळ्यांना माहीत होता. भाचीचा हात ताटावरच थांबला. वाफ वर जात होती. दाजी एरवी अर्धा तास बोलून जे मिळवतात ते त्यांनी त्या दिवशी चार शब्दांत मिळवायला घेतलं होतं, आणि मला पहिल्यांदाच त्यांच्या हुशारीची थोडी भीती वाटली.

अक्का ताटाकडे बघत राहिली.

"जेव गं," ती भाचीला म्हणाली. मग मला, "तू बी जेव." मग खुर्चीच्या पाठीकडे बघून म्हणाली, "तुमी जेवायलाव का?"

"सांगितलं की एकदा."

"मग पोथी वाचा," अक्का म्हणाली आणि तिने रोटी मोडली.

भाचीला ठसका लागला. मी तिला पाणी दिलं आणि ताटात डोकं खाली घातलं.

अक्का सावकाश जेवली. दोन घास झाल्यावर ती म्हणाली, "वांगं कच्चं हाय." जरा वेळाने म्हणाली, "रोटी चिवट हाय. मैदा घातलाय." मग लोणचं चाखून, "तेलाला कंजूषपणा केला." भाताची शितं बोटांत दाबून तिने तीही नापास केली. आजवर तिच्या हातच्या अन्नाला लोक नावं ठेवत आले होते आणि ती उभी राहून ऐकत आली होती. मीठ कमी, तिखट जास्त, काल बरं झालं होतं. दुसऱ्याने केलेल्या अन्नाला बसून नावं ठेवायची संधी तिला इतक्या वर्षांत मिळालीच नव्हती. मी समीक्षा पुष्कळ वाचली आहे. इतक्या समाधानाने केलेली दुसरी आठवत नाही. तिने ताट स्वच्छ केलं.

दाजींनी नंतर भाचीच्या बॅगेतली बिस्किटं खाल्ली. पुडा कारखान्यात बनलेला होता, पण तो गाडीतून आलेला असल्यामुळे घरचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही पार्कात गेलो. अक्का आली नाही. "तुमी जा. मी हितंच बरी हाय," ती पलंगावरूनच म्हणाली. पार्काबद्दल सांगण्यासारखं विशेष काही नाही. मला तीनदा उलटं केलं आणि तीनदा सुलटं. ज्या लोकांना घरी कोणी चढ्या आवाजात बोललेलं चालत नाही ते लोक तिथे रांगेत उभे राहून स्वतःला आपटून घेत होते. दाजी पांढऱ्या कपड्यांत सावलीला बसले. पाळणे त्यांच्या प्रतिष्ठेला झेपणार नव्हते.

दुपारी मी पाणी शोधत खाण्याच्या दुकानांकडे गेलो, तर एका खांबाच्या आड दाजी. समोर मसाला डोसा होता आणि शेजारी आधीच्या एकाची रिकामी थाळी. त्यांनी मला पाहिलं. चटणी त्यांच्या मिशीला लागली होती. खिशातली दस्ती काढून त्यांनी ती टिपली.

"डोसा तांदळाचा असतो," ते म्हणाले.

"हो दाजी," मी म्हणालो.

हॉटेलवर परतलो तेव्हा अक्काकडे सांगण्यासारखं आमच्यापेक्षा जास्त होतं. तिने चहा मागवला होता आणि तो परत पाठवला होता. "दूध कच्चं होतं. म्हणलं, ने, उकळून आण. आणला की रे त्यानं, मुकाट्यानं." हे तिने भाचीला सांगितलं, मग मला सांगितलं, मग गाडी धुऊन आलेल्या ड्रायव्हरलाही बोलावून सांगितलं. दुपारी ती झोपली होती. "उठवायला कोणी आलंच न्हाई," ती म्हणाली, आणि हे तिला चहापेक्षाही नवलाचं वाटत होतं.

पोथी जशी आली होती तशीच गोधडीत बांधून खाली गेली. त्याच माणसाने उचलली, पुन्हा कपाळ टेकवलं.

परतीच्या वाटेवर दाजींनी गाडीतूनच तलाठ्यांना फोन लावला. "एक नंबर हॉटेल," ते सांगत होते. "मीच निवडलं ना. पाव्हण्यांनी कसलं तरी ओट्याचं दाखवलं होतं, मी म्हणलं छट्. जेवण? जेवण काय विचारता." जेवणाबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं. फोन ठेवून ते ड्रायव्हरला म्हणाले, "आता कुठं थांबू नको. गंगाखेड आलंच. घरी गेल्यावर पिठलं-भाकर टाकील ती."

"गंगाखेडला थांबव," मागून अक्का म्हणाली.

"कशाला?"

"जेवायला."

"अगं, आता घर येतंय की."

"म्हणूनच."

ड्रायव्हरने आरशात दाजींकडे पाहिलं. दाजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, कारण बायको ऐकत नसेल तर तिच्या माहेराकडे बघायचं असतं. माहेर खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या बघत होतं. ट्रॉल्यांमुळे गाडी हळू झाली होती, आणि ड्रायव्हरलाही भूक लागलेली होती. गाव लागताच त्याने गाडी कडेला घेतली.

अक्का सगळ्यांच्या आधी उतरली. पहिल्या खानावळीच्या दारातून तिने आत नजर टाकली. "टेबलं पुसलेली न्हाईत," ती म्हणाली आणि पुढे चालायला लागली. दुसऱ्या ठिकाणी मालक 'या, या' करत बाहेर आला. तिने दारातच वास घेतला. "तेल जळकं हाय." मालकाने काही म्हणायच्या आत ती पुढे गेलेली होती. तिच्या मागे भाची, मग मी, आणि सगळ्यांच्या मागे उन्हात चुरगळलेल्या पांढऱ्या कपड्यांतले दाजी.

"काय हॉटेल निवडायलीस का जावई?" दाजी मागून म्हणाले. "बस की कुठं बी. भुका लागल्यात."

"कुठं बी कसं बसायचं," अक्का मागे न बघता म्हणाली. "तुमाला बाहेरचं चालत न्हाई."

तिसऱ्या ठिकाणी ती सरळ आत गेली, थेट भटारखान्यापर्यंत. तिथे बराच वेळ होती. आतून तिचा आवाज येत होता, पीठ कधीचं मळलंय, कांदा आत्ता चिरला का सकाळचा. दाजी रस्त्यावर उभे राहून दस्तीने मान पुसत होते आणि आत जावं की थांबावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. शेवटी ती दारात आली.

"या," ती म्हणाली. "हितं बरं हाय."

आम्ही आत गेलो. दाजींनी सवयीने कडेची खुर्ची ओढली, जिथून सगळ्यांवर लक्ष ठेवता येतं. अक्का त्यांच्या समोर बसली, भटारखान्याकडे पाठ करून, आणि पाणी आणणाऱ्या माणसाला म्हणाली, "आधी माझं ताट आण."